रिकामी थाप

मेदियानिया, ३ मे

नेरी बाळा,

नाताळात फोन करतेस तेव्हा आधी आशीर्वाद मागायची सवय तू सोडलीस, पण मी द्यायची सोडलेली नाही. तेव्हा देव तुझं भलं करो आणि तुझे पाय उबदार ठेवो. तुमच्या त्या थंड होलिओकमध्ये मे महिन्यातही मोजे लागतात म्हणे.

पत्र बघून हसशील. हसून घे. शाळा सुटली तेव्हा मला धड अक्षरं जुळवता येत नव्हती, लिहायला मी नंतर शिकले ते चर्चच्या गाण्यांच्या पुस्तकावरून आणि औषधांच्या खोक्यांवरून. त्यामुळे माझं लिहिणं कधी प्रार्थनेसारखं वाटेल, तर कधी ‘दिवसातून दोनदा जेवणानंतर’ असं. पण फोनवर तू ‘बरं आई, ठेवते’ म्हणतेस आणि ठेवतेस. कागद असा मधेच ठेवता येत नाही.

मुद्द्याचं विचारते. ते गाणं तिकडे वाजतं का? तू नाही म्हणालीस तरी मी मानणार नाही. इथे ते पेट्रोल पंपावर वाजतं, दाताच्या डॉक्टरकडे वाजतं, आणि परवा म्हाताऱ्या फिलोमेनोची अंत्ययात्रा निघाली तर मागच्या पोरांच्या मोटरसायकलींवरही तेच. शेजारची कुका तर औषधांच्या दुकानातल्या रांगेत कंबर हलवायला लागली. दोन्ही गुडघे बदललेत बाईने! मी म्हटलं, “अगं, डॉक्टर गुडघे परत मागतील.” तर म्हणते, “गुडघे त्याचे, कंबर माझी. तुझ्याच नातवाचं गाणं आहे, पेत्रोनिला. नाचले नाही तर म्हणशील कुका जळते.”

तर तुझ्या जोमारचं गाणं. त्याचा आवाज, तो धुम्-चक्-धुम्, खाली तो ढोल, आणि मग एकदम सगळं बंद. काहीच नाही. त्या रिकाम्या जागेत पोरंपोरी जागच्या जागी थिजतात आणि एका आवाजात ओरडतात, “क्येता!” हलू नकोस, पोरी! मग ढोल परत येतो आणि सगळे सुटतात. गाण्याचं नावही तेच, ‘क्येता’. पेपरात आलंय की अशी रिकामी जागा ठेवायला मोठी हिंमत लागते.

त्या ढोलावर हात तुझ्या बापाचा आहे, हे तू पहिल्या थापेलाच ओळखलं असशील. आणि ती रिकामी जागा कुठली तेही.

जोमारने मला सगळं समजावलं. हा ठेका म्हणे जमैकातून निघाला, पनामात त्याला स्पॅनिश बोल मिळाले, न्यूयॉर्कमध्ये तो यंत्रात शिरला आणि इथे आपल्या बेटावर पोरांनी गॅरेजांत बसून त्याच्या कॅसेटी भरल्या. मी म्हटलं, “बाळा, तेव्हा मी काय झोपले होते? पोलीस दुकानांतून त्या कॅसेटी उचलून नेत होते, तेव्हा तुझ्या आईने आपल्या कॅसेटी माझ्या तांदळाच्या डब्यात लपवल्या होत्या. आजोबाला भातात प्लास्टिक सापडलं होतं.” तो हसून हसून लोळला. तुझा बाप नाही हसला. त्याला ते संगीत म्हणजे डबे बडवणं वाटायचं, आठवतं ना? आता स्वतःच त्या डब्यात जाऊन बसलाय.

तुझ्या बापाच्या ढोलाची ती जुनी कॅसेट जोमारला मी दिली नाही, हे आधी सांगते. वादळानंतर तो इथे आला तेव्हा आमच्या डोक्यावर छप्पर नव्हतं, निळी ताडपत्री होती. कपाटातलं ओलं सामान उन्हात मांडताना त्याला ती मिळाली. सान हुआनच्या त्या यंत्रवाल्या माणसाने सणात भरून घेतली होती आणि नंतर टपालाने पाठवली होती, ती. म्हणाला, “आजी, हे कोण वाजवतंय?” मी म्हटलं, आजोबा. “मग इथे मधेच का थांबलेत?” मी म्हटलं, कोण जाणे. कॅसेटवर नाचणाऱ्याचे पाय ऐकू येत नाहीत, नेरी. त्याला काही माहीत नाही. तू सांगितलं नाहीस तर मी कोण सांगणारी?

आणि तू म्हणतेस, आम्ही तुझं पोर ठेवून घेतलं. दोन आठवड्यांसाठी आला होता, खरंय. राहिला तो आपल्या मर्जीने. इथल्या तळलेल्या अल्कापुर्रियांची चटक लागली म्हण हवं तर. त्यांची कच्ची केळी मी अजून हातानेच किसते.

आता मागणं. जुलैत संत सांतियागोच्या सणाला तो इथे, आपल्या मैदानात गाणार आहे. यंत्रातला ढोल नाही, खरा. आजोबा बसणार मुख्य ढोलावर, आपल्या प्रिमोवर. तू ये. तुझा बाप ठणठणीत आहे, त्याची काळजी करू नकोस.

तुझी आई


मेदियानिया, २८ मे

नेरी,

देव तुझ्या पाठीशी राहो. उत्तर आलं नाही. टपालवाल्याला विचारलं तर म्हणाला, “आजी, मी पत्रं आणतो, लिहीत नाही.” तोंडाळ मेला.

इकडे तालीम झाली आणि घरात भांडण झालं. तुला कळायला हवं, म्हणून जसं झालं तसं लिहिते.

जोमारने सान हुआनहून दोन नाचणाऱ्या मुली आणल्या. गोड पोरी. मागच्या अंगणात नीरफणसाखाली ढोल मांडले. मी माझा खुळखुळा, मराका, घेऊन बसले, तुझा बाप प्रिमोवर. जोमार म्हणाला, “आजोबा, रेकॉर्डसारखं वाजवा. तेवढ्याच थापा, तीच जागा.”

तुझ्या बापाने विचारलं, “कुणासाठी?”

“कुणासाठी म्हणजे? गाण्यासाठी.”

“गाणं नाचतं का? बाई समोर आण. ती जे करेल ते मी वाजवतो.”

“या दोघी नाचणारच आहेत ना! तुम्ही वाजवा, त्या त्यावर नाचतील.”

तुझा बाप माझ्याकडे बघून हसायला लागला. “ढोलावर नाचतील! ऐकलंस, पेत्रोनिला? आता आरसा आधी हसणार आणि मग आपण.”

पोराची चूक नाही. तिकडे थंडीत वाढला तो, क्लबात ठेका वाजतो आणि लोक त्यावर नाचतात हेच त्याने पाहिलंय. बाई रिंगणात येते, ढोलाला मान देते आणि मग तिचं अंग विचारतं, ढोल उत्तर देतो, हे त्याला तोंडाने सांगून कसं कळणार? तू त्याला एकदा तरी नाचून दाखवलंस का? मला वाटत नाही.

उंच मुलगी समजूतदार होती. म्हणाली, “आजोबा, आम्ही मोजून बसवलंय. ‘क्येता’ आलं की थांबायचं, ढोल आला की सुटायचं. तुम्ही फक्त तेवढं सांभाळा.” तुझ्या बापाने मान डोलावली आणि सुरू केलं. तो तिच्याकडे बघतोय आणि ती कुठेच बघत नाहीये, कारण मनात मोजतेय. तिने घागरा उडवला, तो तिथे थाप द्यायला गेला आणि डावा हात ढोलापर्यंत पोचलाच नाही. वाटेतच पडला.

“कातडं ओलं आहे,” तो म्हणाला. कातडं कडकडीत वाळलेलं होतं.

तर आता लिहिते. जानेवारीत त्याला झटका येऊन गेला. लहानसा. डावा हात अजून नीट वळत नाही आणि जिभेला कधीकधी शब्द शोधावा लागतो. ठणठणीत आहे असं लिहिलं होतं, ते उरलेल्या भागाबद्दल होतं असं समज.

पुढचं ऐक. जोमार समजावायला गेला, “आजोबा, तुम्ही नाही वाजवलंत तरी चालेल. आपण कॅसेटचंच लावू. लोकांना ती रिकामी जागा हवी असते.” झालं. तुझा बाप उठला. “रिकामी जागा! पोरा, ती माझी जागा नाही. नाचणारी मधेच थांबली होती. बाहेरच्या माणसासमोर, ऐन सणात. ढोलाला मान न देता पाठ फिरवून निघून गेली, म्हणून तिथे थाप नाही. तो माझा अपमान आहे, आणि तू त्यावर दुनिया नाचवतोयस.”

“कोण थांबली होती?” जोमारने विचारलं.

मी मराका जोरात वाजवायला लागले. बावळटपणाच, पण दुसरं काही सुचलं नाही. कुका कुंपणापलीकडून बघत होती. तुझा बाप म्हणाला, “तुझी आई.”

दोघी मुलींनी आपापल्या पिशव्या उचलल्या. जोमार कितीतरी वेळ तिथेच उभा राहिला, त्याच्याच गाण्यातल्यासारखा. मग म्हणाला, “तिने मला सांगितलं होतं, तिला संगीत आवडत नाही.”

तो तुला फोन करेल. काय बोलशील ते बोल, पण उचल.

आई


मेदियानिया, १४ जून

माझ्या बाळा,

तू फोन केलास. आधी त्याला, मग मला. मी फोनवर नुसती ‘हं, हं’ करत राहिले म्हणून आता कागद घेऊन बसले आहे. तू जे बोललीस ते मी बरोबर ऐकलं की नाही, ते मला समोर मांडून बघायचंय.

तू म्हणालीस, “आई, माझ्या पोराने सगळ्या जगाला माझ्यावर ओरडायला शिकवलंय. इथल्या म्हाताऱ्यांच्या आश्रमात मी एका आजीला आंघोळ घालत होते, आणि बाहेर सफाईवाल्या पोरी ओरडत होत्या, क्येता! हलू नकोस! आणि मी हलले होते, आई.”

मी म्हटलं, “कधी?”

“तेव्हा. मी थांबलेच नव्हते.”

तू म्हणालीस की त्या दिवशी तुझं मोठं सगळं करून झालं होतं. घागरा, गिरक्या, पाय, सगळं. बाबा प्रत्येकाला उत्तर देत होते. मग तुला वाटलं, आता सगळ्यात लहान काहीतरी विचारावं. दोन्ही हातांत घागरा घट्ट धरून उभी राहिलीस आणि फक्त उजवा खांदा पाडलास. एकदा. जेमतेम. आणि वाट बघितलीस.

थाप आली नाही.

“मी पुन्हा पाडला असता तर ते मागून घेणं झालं असतं,” तू म्हणालीस. “आणि मग ते सगळ्यांसमोर ओरडले, दमलीस तर घरी जा, ढोल अडवू नकोस. मी गेले.”

तू गेलीस. थेट विमानात बसून गेलीस.

मी तिथेच होते, नेरी, त्याच्या उजव्या हाताला. पण मी गात होते, आणि गाताना माझे डोळे मिटतात, तुला माहीत आहे. डोळे उघडले तेव्हा तुझी पाठ दिसली. त्याने सांगितलं ती थांबली, मी मानलं. सगळ्या मेदियानियाने मानलं. तू एका शब्दाने का नाही बोललीस? पण ते मी विचारणार नाही. खांदा तोंडाने समजावून सांगायचा म्हणजे तो पडलाच नाही असं होतं. एवढं मलाही कळतं.

मी तुझ्या बापाला सांगितलं. तू सांग असं म्हणाली नाहीस, सांगू नको असंही नाही. तो स्वयंपाकघरात खेकडे साफ करत होता. उजव्या हाताने, डावा नुसता कवच दाबून धरायला. मी सगळं सांगितलं. मला वाटलं चिडेल, म्हणेल आता इतक्या वर्षांनी गोष्ट रचते. त्याने एकच विचारलं, “कुठला खांदा?”

“उजवा.”

त्याने खेकडा भांड्यात परत ठेवला. हात धुतले. बराच वेळ नळ चालू ठेवला, मीच जाऊन बंद केला.

“मी दिव्याकडे बघत होतो,” तो म्हणाला.

मला आधी कळेना. मग तो शब्द शोधत शोधत बोलला. त्या सान हुआनच्या माणसाने यंत्र ढोलाशेजारी ठेवलं होतं. त्यावर एक लाल दिवा होता. तो म्हणाला होता, दिवा जळतोय तोवर तुमचं सगळं आत जातंय. तुझ्या बापाला मधेच शंका आली की दिवा विझला. म्हणून बघितलं. परत तुझ्याकडे बघितलं तर तू उभी. नुसती उभी.

“माझी पोर इतकं सुरेख नाचत होती,” तो म्हणाला, “की ते आत जायलाच हवं होतं.”

दुपारी जेवला नाही. कुकाने भात पाठवला, नारळ घालून, तुला आवडायचा तसा. तोही तसाच राहिला. जोमारला सांगितलं तेव्हा तो पायरीवर बसून ते गाणं फोनवर लावून ऐकायला लागला. त्या जागेपर्यंत यायचा, बंद करायचा, पुन्हा मागे न्यायचा. मी म्हटलं, “बाळा, त्यात काही सापडणार नाही. ते आत गेलंच नाही ना.”

म्हणाला, “आजी, मी आईचं न ऐकलेलं बोलणं कापलं, यंत्रात तेच ते फिरवत ठेवलं आणि वर तिलाच म्हटलं, गप्प उभी राहा.”

त्याला ओरडू नकोस. त्याला त्याची शिक्षा दर दुकानात वाजून मिळतेय.

आई


मेदियानिया, ६ जुलै

नेरी,

देव तुला सुबुद्धी देवो. रागावलीस तरी चालेल.

जोमारने एक तोड काढली. म्हणाला, “मी गाणं पुन्हा करतो. त्या जागेत एक थाप टाकतो, कॅसेटमधूनच दुसरीकडची उचलून. यंत्रात दोन मिनिटांचं काम.” तुझा बाप म्हणाला, “ती थाप दुसऱ्या कुठल्या तरी गिरकीची असेल. तिला नको.” “मग तुम्ही नवी वाजवा, मी भरून घेतो.” “समोर काय आहे म्हणून वाजवू? हवेला उत्तर देऊ?”

दोघं हनुवटी पुढे काढून बसले. दोघांची हनुवटी सारखीच आहे, तुझीही तीच.

तेव्हापासून म्हाताऱ्याने नवीन खूळ घेतलंय. लहान हालचाली बघायला शिकतोय. ढोल पुढ्यात घेऊन अंगणात बसतो आणि जे हलेल त्याला थाप देतो. कोंबडीने मान वळवली, थाप. सरडा कुंपणावर चढला, थाप. परवा कुका कपडे वाळत घालत होती, तर तिच्याकडे टक लावून बसला.

“काय बघतोस रे म्हाताऱ्या?”

“तुझा खांदा.”

“आत्ता? अरे, बघायचा तेव्हा बघितला असतास तर आज पेत्रोनिलाच्या जागी मी असते!”

मी आतून ओरडले, “अजून घेऊन जा, घोरतो मात्र!”

आम्ही हसतो, तुला वाटेल सगळं ठीक आहे. नाहीये. डावा हात सकाळी बरा असतो, दुपारनंतर बाहुलीच्या हातासारखा. प्रिमोला दोन्ही हात लागतात, हे तुला सांगायला नको. डॉक्टरीणबाईने मला बाजूला घेऊन सांगितलं, असा दुसरा झटका येऊ शकतो, कधी ते कुणी सांगू शकत नाही. म्हणून पुढच्या वर्षीच्या सणाचं मी काही लिहीत नाही. या वर्षीचं लिहिते.

तो तुझ्याकडे माफी मागत नाहीये. मी म्हटलं होतं, फोन कर, दोन शब्द बोल. म्हणाला, “शब्दांनी काय होणार? तिने मला शब्दांनी विचारलं नव्हतं.” त्याचा निरोप एवढाच आहे, जसाच्या तसा लिहिते: “मला तो खांदा बघायचाय.”

तुझी खोली जोमारने रंगवली आहे. रंग मला आवडला नाही, पण आता लागलाय.

आई


मेदियानिया, ९ ऑगस्ट

नेरी बाळा,

पोचल्याचा तुझा निरोप मिळाला. घर जरा मोठं वाटतंय. तू खाटेखाली विसरलेली चप्पल पाठवू का, की असू दे? असू दे म्हणालीस तर मला आवडेल.

झालं ते तू तुझ्या बाजूने जाणतेस. ढोलाच्या बाजूने काय झालं, ते तुला कुणी सांगितलेलं नाही. तू दुसऱ्याच सकाळी निघालीस, आणि जायच्या आधी तू त्याच्या कपाळाचं चुंबन घेतलंस, त्याने तुला गोळ्यांची वेळ झाली का विचारलं, तू मला जेवणाचं विचारलंस, आणि गाडी आली. तीन माणसं एका दारात उभी राहून मुद्द्याचं एवढं टाळतात, असं मी कधी पाहिलं नव्हतं. म्हणून मी लिहिते.

त्या संध्याकाळी मैदानात इतकी माणसं येतील असं कुणाला वाटलं नव्हतं. जोमारने ढोलापुढे माइक लावला. तुझ्या बापाने तो काढायला लावला. जोमार काकुळतीला आला, “आजोबा, एवढ्या गर्दीत माइकशिवाय तुमचा ढोल पहिल्या चार रांगांच्या पुढे जाणार नाही.” तुझा बाप म्हणाला, “त्याच्यावर दिवा आहे.” होता. हिरवा होता, पण होता. “मला आज एकाच ठिकाणी बघायचंय.” जोमारने माइक उचलून नेला.

मग तू आलीस. ढोलाला मान दिलास. मी त्या दिवशी गायले नाही, हे तुझ्या लक्षात आलं का? कुकाला गायला लावलं. माझे डोळे मला उघडे हवे होते.

किती जड झालीयस तू, आणि किती हलकी पडत होती पावलं! तू घागरा उडवलास, त्याने दिली. तू गिरकी घेतलीस, त्याने दिली. डावा हात मधेमधे चुकत होता, तेव्हा तो उजव्याने दोघांचं काम करत होता. घाम डोळ्यांत जात होता तरी त्याने पापणी लवू दिली नाही. जोमार बाजूला उभा राहून गात होता आणि मधेच गायचं विसरला. लोकांनीच गाणं पुढे नेलं. त्यांना सगळं पाठ आहे.

तीच चूक झाली आपली. त्यांना पाठ आहे हे आपण धरलंच नाही.

तू दोन्ही हातांत घागरा धरलास आणि उभी राहिलीस. आणि सगळं मैदान, पोरं, बायका, सणाचे मास्क घातलेली माणसं, झाडावर चढलेले, सगळ्यांनी एका आवाजात आरोळी ठोकली, “क्येता!” माझ्या हातातली मराका मला ऐकू येईना. मी तुझ्याकडे बघितलं. तुझे डोळे मिटलेले होते. आणि तू खांदा पाडलास.

मी पाहिला. बाई गं, किती लहान होता तो! मी समोर बसून, फक्त त्याचीच वाट बघत असूनही जवळजवळ हुकले असते.

तुझ्या बापाने थाप दिली.

डाव्या हाताने. मी त्याच्या शेजारी होते, वीतभर अंतरावर. हात उचलला गेला आणि कातड्यावर पडला, बरोबर त्या क्षणी, ना आधी ना नंतर. मला ती ऐकू आली असं मी म्हणणार नाही. त्या आरोळीत कुणालाच काही ऐकू येणं शक्य नव्हतं. मला ती दिसली. ढोलावरची धूळ उडाली.

मग तू डोळे उघडलेस, ढोलाला मान दिलास, या वेळी दिलास, आणि रिंगणातून बाहेर गेलीस. तुझ्या चेहऱ्यावरून मला काही कळलं नाही. जोमारलाही नाही. तो म्हणतो, “आई रडत होती, म्हणजे तिला कळलं.” मी म्हटलं, “बाळा, थाप आली नाही तेव्हाही ती रडलीच असेल.”

तुझा बाप रोज विचारतो, “तिला ऐकू आली का?” सकाळी कॉफी घेताना विचारतो, संध्याकाळी पायरीवर बसून विचारतो. मी म्हणते, “तूच फोन करून विचार की.” म्हणतो, “आणि नाही म्हणाली तर?” सणानंतर त्याने ढोलाला हात लावलेला नाही. परवापासून डावा हात सकाळीही वळत नाहीये. हे मी या वेळी लपवत नाही, बघ.

म्हणून मी विचारते आहे. होय असेल तर होय लिही, नाही असेल तर नाही लिही. त्याचं समाधान व्हावं म्हणून खोटं लिहू नकोस. तुमच्या दोघांत आजवर न बोलणं पुष्कळ झालं असेल, खोटं कधी नव्हतं.

आत्ता मी लिहितेय तर तो मागे येऊन उभा राहिलाय. वाचता येत नाही त्याला माझं अक्षर, तरी वाकून बघतो. मी म्हटलं, “काय लिहू तुझ्याकडून? हातात जोर नव्हता म्हणून थाप बारीक पडली, असं लिहू?”

तो चिडला. शब्द सापडायला त्याला वेळ लागला, मी पेन धरून थांबले. त्याचं म्हणणं असं आहे, मी त्यात माझं काही घालत नाही:

“जोराचं काही लिहू नकोस. तिला लिही, थाप बारीक होती, कारण खांदाही तिने तेवढाच पाडला होता.”

तुझी आई,
पेत्रोनिला